काय ठेवलं, काय गाळलं : एका मालगाडी इंजिनाची गोष्ट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

घरातला दिवा गेला की आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा दिवा आणतो आणि होल्डरमध्ये बसवतो. होल्डर एका कंपनीचा, दिवा दुसऱ्याच कंपनीचा. तरी तो बसतो. तो का बसतो, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. कुणीतरी, केव्हातरी, एका टेबलाभोवती बसून ठरवलेलं असतं की दिव्याचा गळा एवढ्याच मापाचा असेल. मग देशातल्या प्रत्येक कारखान्याने ते माप पाळायचं. याला प्रमाणीकरण म्हणतात. शब्द रूक्ष आहे, सरकारी परिपत्रकातला वाटतो. पण या रूक्ष शब्दाची जी गोष्ट मी आज सांगणार आहे, तिच्यात वाफ आहे, कोळसा आहे, दोन महायुद्धं आहेत आणि लाखो माणसांच्या जिवाचा प्रश्नही आहे.

ही गोष्ट जर्मनीतल्या मालगाडीच्या एका इंजिनाची आहे. जर्मन रेल्वेच्या यादीत या इंजिनांच्या वर्गाचा क्रमांक होता ५२. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. 'सुटे भाग एकमेकांच्या जागी बसले पाहिजेत' हा धडा शिकवताना मला या इंजिनाचा दाखला नेहमी आठवतो. कारण चांगलं यंत्र म्हणजे काय, या आपल्या समजुतीला हे इंजिन धक्का देतं.

सुरुवात १९२० सालापासून करू. त्याआधी जर्मनीत एक रेल्वे नव्हती, अनेक होत्या. प्रशियाची वेगळी, बव्हेरियाची वेगळी, सॅक्सनीची, व्युर्टेंबर्गची, बाडेनची वेगळी. प्रत्येक राज्याला आपल्या रेल्वेचा अभिमान होता. प्रत्येकाचे अभियंते निराळे, कारखाने निराळे, आणि इंजिनंही निराळी. १ एप्रिल १९२० रोजी या सगळ्या रेल्वे केंद्र सरकारच्या ताब्यात आल्या आणि त्यांतून 'राइख्सबान', म्हणजे देशाची एकत्रित रेल्वे जन्माला आली. या नव्या रेल्वेने वारशाची मोजदाद केली, तेव्हा इंजिनांचे सुमारे २१० वेगवेगळे प्रकार निघाले.

२१० प्रकार म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. म्युनिकला बांधलेलं इंजिन बर्लिनजवळ बंद पडलं, तर त्याचा दांडा बर्लिनच्या कोठारात मिळणार नाही. तो म्युनिकहून मागवायचा, किंवा नव्याने घडवायचा. तोवर इंजिन उभं. पहिल्या महायुद्धात जर्मनीने हा त्रास पुरेपूर भोगला होता. आघाडीमागच्या लोहमार्गांवर सगळ्या राज्यांची इंजिनं एकत्र धावत होती आणि दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग पुरवता पुरवता नाकी नऊ येत होते. त्यातूनच १९१७ मध्ये 'जी १२' नावाचं मालगाडीचं इंजिन निघालं. एकच आराखडा अनेक राज्यांनी स्वीकारायचा, असा तो पहिला मोठा प्रयत्न होता. अशी दीड हजारांच्या आसपास इंजिनं बांधली गेली.

युद्ध हरल्यावर शस्त्रसंधीच्या अटींनुसार जर्मनीला ५,००० इंजिनं आणि दीड लाख वाघिणी विजेत्यांच्या हवाली कराव्या लागल्या. चांगल्या स्थितीतली इंजिनं गेली आणि उरलेल्यांची खिचडी पदरात पडली. अशा वेळी दोन मार्ग असतात. जुन्यातली बरी इंजिनं निवडून तीच पुन्हा बांधत राहायचं, किंवा कोऱ्या कागदावर नव्याने आखणी करायची. जर्मनांनी काही वर्षं पहिला मार्ग चालवला आणि त्याच वेळी दुसऱ्याची तयारी केली.

ही तयारी करणाऱ्यांत रिशार्ड पाउल वाग्नर हे नाव सर्वांत महत्त्वाचं. १९२०च्या दशकाच्या आरंभापासून १९४२ पर्यंत इंजिनांच्या आराखड्यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. बर्लिनच्या बोर्सिग कारखान्यात एकीकरणाची कचेरी उघडण्यात आली आणि निरनिराळ्या कारखान्यांचे आराखडाकार तिथे एकत्र बसून काम करू लागले. एरवी हे कारखाने एकमेकांचे स्पर्धक. पण आता ठरलं असं, की आराखडा सर्वांचा एक, आणि स्पर्धा करायची ती बांधणीत.

इथे एक गैरसमज दूर करतो. प्रमाणीकरण म्हणजे सगळीकडे एकच इंजिन, असं नव्हे. डोंगरातली मालगाडी आणि सपाटीवरची जलद गाडी एकाच इंजिनाला कशी ओढता येईल? वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनं निरनिराळीच ठेवली, पण त्यांचे भाग समान केले. बॉयलरवरच्या झडपा, पंप, ब्रेकचे भाग, ड्रायव्हरच्या खोलीतली उपकरणं, आणि शक्य तिथे चाकं व सिलिंडरसुद्धा. स्वयंपाकघरात डबे लहानमोठे असले तरी झाकणं एकाच मापाची असावीत, तसं काहीसं.

त्याहून मोठी गोष्ट होती मापाच्या शिस्तीची. पूर्वीच्या कारखान्यात भाग ओबडधोबड तयार व्हायचा आणि मग फिटर तो कानशीने घासून घासून आपल्या जागी बसवायचा. तो बसायचा सुरेख, पण त्याच एका इंजिनात. दुसऱ्या इंजिनात तोच भाग सैल तरी व्हायचा नाही तर अडकायचा. नव्या पद्धतीत प्रत्येक मापाला दोन मर्यादा दिल्या. भोक कमीत कमी एवढं आणि जास्तीत जास्त एवढं. ते तपासायला 'गो' आणि 'नो-गो' अशी दोन टोकं असलेलं गेज. एक टोक भोकात शिरलं पाहिजे, दुसरं शिरता कामा नये. दोन्ही जमलं तर भाग पास. मग तो भाग कासेलमध्ये बनवलेला असो की बर्लिनमध्ये, कुठल्याही इंजिनात बसणार. आज आयटीआयमधल्या मुलाला हे पहिल्या वर्षी शिकवतात. पण शंभर टनांच्या आसपासच्या यंत्राला ही शिस्त लावणं त्या काळी सोपं काम नव्हतं.

१९२६-२७ च्या सुमारास मालगाडीची पहिली प्रमाणित इंजिनं आली : वर्ग ४३ आणि वर्ग ४४. दोन्हींना पुढे एक लहान आणि मागे पाच जोडलेल्या चाकांच्या जोड्या. फरक एवढाच, की ४३ ला दोन सिलिंडर आणि ४४ ला तीन. दोन्हींची दहा-दहा इंजिनं बांधून रुळांवर उतरवली आणि तुलना केली. तीन सिलिंडरांचं इंजिन जड गाडी गुळगुळीतपणे उचलतं, कारण ओढ एकसारखी राहते. पण तिसरा सिलिंडर इंजिनाच्या पोटात असतो. त्याच्यासाठी वाकवलेला, महाग आस लागतो आणि तेलपाणी करायला माणसाला इंजिनाखाली शिरावं लागतं. साधारण १,५०० अश्वशक्तीपर्यंत दोन सिलिंडरांचं इंजिन वाफ कमी खात होतं. त्यापुढे तीन सिलिंडरांचं सरस ठरत होतं. गाड्या जड होत गेल्या तसं ४४ चं पारडं वर गेलं. १९३७ पासून ते मोठ्या संख्येने बांधलं जाऊ लागलं आणि अखेरीस त्यांची संख्या दोन हजारांच्या जवळ पोचली.

मग प्रश्न मिटला का? नाही. ४४ हे इंजिन साधारण ११० टनांचं. त्याच्या प्रत्येक आसावर जवळजवळ २० टन भार येतो. एवढा भार झेलणारे रूळ आणि पूल मुख्य मार्गांवर होते, आडमार्गांवर नव्हते. रेल्वेत सत्ता इंजिनाची नसते, रुळांची असते. बैल कितीही ताकदवान असला तरी तो साकवावरून जाऊ शकत नसेल, तर नदीपलीकडच्या शेताला त्याचा उपयोग काय?

या अडचणीला उत्तर म्हणून १९३९ मध्ये वर्ग ५० आला. पुन्हा पाच जोडलेल्या चाकांच्या जोड्या आणि पुढे एक लहान. पण सिलिंडर दोनच, आणि प्रत्येक आसावर भार सुमारे १५ टन. इथलं गणित लक्षात घेण्याजोगं आहे. इंजिन गाडी ओढतं ते चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणावर, आणि घर्षण मिळतं ते ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनातून. एका आसावर पंधराच टन टाकायचे असतील, तर पाच आस घ्या, मिळून पंचाहत्तर टन होतात. वजन पाच आसांवर पसरलं. आता एवढं लांब इंजिन वळणावर अडकू नये म्हणून मधल्या चाकांच्या कडा पातळ ठेवल्या आणि पुढच्या लहान चाकांना बाजूला सरकायची मुभा दिली. हे इंजिन पुढे आणि मागे, दोन्ही दिशांना ताशी ८० किलोमीटर वेगाने धावू शकत होतं. त्यामुळे आडमार्गाच्या टोकाला इंजिन फिरवायची चकती नसली तरी अडत नसे. हे त्या काळच्या प्रमाणीकरणाचं सर्वांत पिकलेलं फळ होतं, असं माझं मत आहे. १९४८ पर्यंत अशी तीन हजारांहून अधिक इंजिनं बांधली गेली.

आणि इथेच गोष्टीला वळण लागतं. वर्ग ५० ची पहिली इंजिनं रुळांवर आली त्याच वर्षी हिटलरने पोलंडवर हल्ला केला. १९४१ च्या जूनमध्ये जर्मन फौजा सोव्हिएत संघात शिरल्या. तिथले रूळ अधिक रुंद, १,५२४ मिलिमीटरचे. जर्मनीत १,४३५ मिलिमीटरचे. सोव्हिएत रेल्वेने माघार घेताना इंजिनं मागे नेली आणि पाण्याच्या टाक्या उद्ध्वस्त केल्या. जर्मनांनी रूळ सरकवून आपल्या मापाचे केले आणि आपली इंजिनं आणली. मग हिवाळा आला. जर्मन इंजिनांचे पंप आणि पाण्याच्या नळ्या बॉयलरच्या बाहेरच्या अंगाला होत्या. मध्य युरोपातल्या थंडीला ते चालत असे. रशियातल्या थंडीत नळ्यांतलं पाणी गोठलं आणि नळ्या फुटल्या. इंजिनं जागोजाग उभी राहिली. सैन्याला दारूगोळा, धान्य आणि गरम कपडे पोचवणारी साखळीच तुटली.

वाग्नर यांची इंजिनं उत्तम होती, पण ती शांततेच्या काळासाठी होती. ती अनेक वर्षं टिकावीत, कोळसा कमी खावीत, आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या कार्यशाळेत त्यांची निगा राखली जावी, असं गृहीत धरूनच ती आखलेली. १९४२ मध्ये आल्बर्ट श्पेअर शस्त्रास्त्रमंत्री झाला. इंजिनबांधणीची सूत्रं त्याने रेल्वेच्या हातून काढून गेरहार्ड डेगेनकोल्ब या कारखानदारीतल्या माणसाकडे दिली. त्याच वर्षी वाग्नर निवृत्त झाले आणि आराखड्यांची जबाबदारी फ्रीडरिश विटे यांच्याकडे आली. आता प्रश्न बदलला होता. इंजिन किती चांगलं करता येईल, हा प्रश्न मागे पडला. इंजिनातून काय काय काढून टाकता येईल, हा प्रश्न पुढे आला.

वर्ग ५० च्या इंजिनात सुमारे ६,००० भाग होते. त्यांतले सुमारे १,००० गाळले आणि ३,००० च्या आसपास भाग सोपे केले. त्यातून तयार झाला वर्ग ५२. जर्मन लोक त्याला सरळ 'युद्ध-इंजिन' म्हणत. पहिलं इंजिन १२ सप्टेंबर १९४२ रोजी बोर्सिगच्या कारखान्यातून बाहेर पडलं.

काय काय गाळलं ते पाहू. बॉयलरमध्ये जाणारं पाणी आधी गरम करून घेणारं यंत्र काढलं. त्यामुळे कोळसा जास्त लागणार, पण यंत्र वाचलं. ड्रायव्हरच्या खोलीची एक खिडकी कमी केली. पुढचा धूर वर ढकलणारे मोठे पत्रे काढले. वाळूची गोलाकार टाकी चौकोनी केली, कारण पत्रा गोल वाकवायला वेळ लागतो. घडवून घडवून केलेले दांडे सोडून लाटलेले पोलादी भाग जोडकामाने सांधले. तांबं आणि कथील हे धातू जर्मनीला बाहेरून आणावे लागत, म्हणून ते जवळपास हद्दपारच केले.

पण गाळणं हे एकच काम नव्हतं. काही गोष्टी मुद्दाम वाढवल्या. ड्रायव्हर-फायरमनची खोली मागून बंदिस्त केली. नळ्यांना थंडीपासून संरक्षण दिलं. मागच्या टेंडरची कल्पना तर मला फारच आवडते. एरवी टेंडर म्हणजे खाली जड चौकट आणि वर पाण्याची टाकी. इथे तेल वाहणाऱ्या टाकीच्या वाघिणीवरून कल्पना घेतली आणि तळाला गोलाकार असलेली टाकीच चौकट म्हणून वापरली. चौकट गेली, टेंडर कित्येक टनांनी हलकं झालं, आणि त्यात पाणी मात्र २६ ऐवजी ३० घनमीटर आणि कोळसा ८ ऐवजी १० टन मावू लागला. पाण्याची ठाणी दूर दूर असलेल्या मुलखात हा फरक मोलाचा. कासेलच्या हेन्शेल कारखान्याने तर वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करणारं टेंडर याच इंजिनाला जोडलं. पुढे १९५३ पासून दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या कारू पठारावर याच तंत्राची इंजिनं धावली.

अशी १५,००० इंजिनं बांधायची योजना होती. प्रत्यक्षात साडेसहा हजारांहून थोडी अधिक बांधली गेली. तरीही अडीच-तीन वर्षांत एवढी संख्या गाठणं हे थक्क करणारंच आहे. ते शक्य झालं त्यामागे वीस वर्षांपूर्वीची मापाची शिस्त होती. बर्लिन, कासेल, म्युनिक, व्हिएन्ना, आणि बळकावलेल्या पोलंडमधले कारखाने एकच आराखडा घेऊन काम करू शकत होते.

इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रेल्वेवर प्रेम करणारी माणसं हा इतिहास सांगताना आकड्यांत रमतात आणि दोन वाक्यं गिळून टाकतात. मी ती गिळणार नाही. ही इंजिनं बांधणारे हात केवळ जर्मन कामगारांचे नव्हते. जिंकलेल्या देशांतून जबरदस्तीने आणलेली माणसं या कारखान्यांत राबत होती. वेळ वाचला, धातू वाचला, असे हिशेब मांडताना या माणसांचा हिशेब कुठल्याच रकान्यात नव्हता.

दुसरं वाक्य याहून कठीण आहे. मे १९४२ मध्ये आल्बर्ट गांत्सेनम्युलर हा रेल्वेखात्याचा सचिव झाला. त्याच वर्षीच्या जुलैमधलं त्याचं एक पत्र उपलब्ध आहे. वॉर्सा ते ट्रेब्लिंका अशी रोज एक गाडी पाच हजार ज्यू माणसांना घेऊन जाते आहे, असं त्याने हिमलरच्या कार्यालयाला त्यात कळवलं होतं. ट्रेब्लिंका ही माणसं मारण्याची छावणी होती. पत्राचा सूर एखाद्या वेळापत्रकाचा आहे. राइख्सबानच्या गाड्यांनी सुमारे तीस लाख माणसांना मृत्यूच्या दारी नेलं. त्यांतल्या बहुतेकांना मालाच्या डब्यांत कोंडून नेलं. गांत्सेनम्युलरवर १९७३ मध्ये खटला उभा राहिला, पण त्याच्या प्रकृतीच्या कारणाने तो थांबला. शिक्षा झालीच नाही.

काय सांगायचंय मला? कार्यक्षमता ही गोष्ट आंधळी असते. गाळायचं काय आणि ठेवायचं काय, हे ती सांगू शकते. पण कशासाठी, हे तिला विचारून उपयोग नाही. तो प्रश्न माणसाने स्वतःलाच विचारायचा असतो. १९४२ च्या जर्मनीत इंजिनातला अनावश्यक स्क्रूसुद्धा शोधून काढणारी हुशार माणसं होती. रेल्वेच्या कचेऱ्यांमध्ये हा प्रश्न विचारणारी माणसं मात्र फार थोडी निघाली.

आता गोष्टीचा शेवटचा भाग. मे १९४५ मध्ये युद्ध संपलं. ही इंजिनं युद्ध संपेपर्यंत चालली म्हणजे झालं, एवढ्याच अपेक्षेने बांधलेली होती. युद्ध संपताना ती युरोपभर विखुरली होती. हिशेबाने ती काही वर्षांत भंगारात जायला हवी होती. झालं उलटंच. सोव्हिएत संघात दोन हजारांहून जास्त इंजिनं राहिली. तिथे चाकं रुंद रुळांच्या मापाची करून ती चालवली. पोलंडने त्यांना आपला क्रमांक दिला आणि वर त्याच आराखड्याची आणखी दीडशे इंजिनं आपल्या कारखान्यांत बांधली. चेकोस्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, रुमेनिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, सगळीकडे ती कामाला जुंपली गेली. नॉर्वेत तर लोकांनी त्यांना 'थोरला जर्मन' असं टोपणनाव दिलं. ज्या देशांची या इंजिनांच्या मालकांनी राखरांगोळी केली, त्याच देशांत पुढे ती धान्य, सिमेंट आणि कोळसा वाहू लागली.

ती एवढी टिकली का? उत्तम बांधणीमुळे म्हणावं, तर जोडकाम घाईचं होतं आणि धातू हलक्या प्रतीचा. माझ्या मते कारणं तीन. एक, आसावरचा भार कमी. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या रुळांवर आणि घाईने उभारलेल्या पुलांवर जाऊ शकणारं मोठं इंजिन हेच होतं. दोन, रचना साधी. पोटात तिसरा सिलिंडर नाही, नाजूक यंत्रं नाहीत. जेमतेम साधनं असलेल्या कार्यशाळेतला मिस्त्रीही ते उघडू शके. आणि तीन, सगळ्यांत महत्त्वाचं, भाग समान. दोन मोडक्या इंजिनांतून एक चालतं इंजिन करता येत असे. पोलंडमधल्या इंजिनाचा भाग बल्गेरियातल्या इंजिनात बसत होता.

खुद्द जर्मनीत काय झालं? पश्चिम जर्मनीकडे अधिक चांगली इंजिनं होती. तिने वर्ग ५२ लवकर काढून टाकला. तिथलं वाफेचं युग ऑक्टोबर १९७७ मध्ये संपलं, तेव्हा शेवटपर्यंत टिकलेल्यांत तो जुना तीन सिलिंडरांचा वर्ग ४४ होता. पूर्व जर्मनीकडे निवड करायला जागा नव्हती. तिथे १९६० ते १९६७ या काळात श्टेंडालच्या कार्यशाळेत वर्ग ५२ च्या दोनशे इंजिनांना नवे बॉयलर बसवले. घाईत गाळलेल्यातलं काही, उदाहरणार्थ पाणी गरम करून घेण्याची सोय, पुन्हा बसवलं. म्हणजे काय गाळणं ही तात्पुरती गरज होती आणि काय ठेवायलाच हवं होतं, याचा निकाल वीस वर्षांनी लागला. पूर्व जर्मनीतल्या मुख्य मापाच्या रुळांवरचं वाफेचं युग २९ ऑक्टोबर १९८८ रोजी अधिकृतपणे संपलं, ते हाल्बरश्टाटला, वर्ग ५० च्या एका इंजिनाने. आणि बोस्नियात टुझलाच्या आसपासच्या कोळशाच्या खाणींत तर वर्ग ५२ ची इंजिनं एकविसाव्या शतकातही कामावर होती.

आपल्याकडेही ही कल्पना वेगळ्या वाटेने आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनेही घाईची, साधी इंजिनं बांधली होती. त्यांतली काही आपल्या रुंद रुळांच्या मापाची होऊन भारतात आली. स्वातंत्र्यानंतर १ नोव्हेंबर १९५० रोजी चित्तरंजनच्या कारखान्यातून 'देशबंधू' नावाचं पहिलं इंजिन बाहेर पडलं. ते डब्ल्यू-जी वर्गाचं, मालगाडीचं होतं. त्याचा बॉयलर आणि प्रवासी गाडीच्या डब्ल्यू-पी इंजिनाचा बॉयलर एकच. म्हणजे इंजिनं दोन, पण भाग शक्य तितके समान, हेच सूत्र. डब्ल्यू-जी वर्गाची सुमारे २,४५० इंजिनं झाली. ज्यांनी महाराष्ट्रातल्या स्टेशनांवर कोळशाच्या मालगाड्या पाहिल्या आहेत, त्यांनी बहुधा हे इंजिन पाहिलेलं आहे. जर्मनीशी थेट धागाही आहे. वर्ग ५२ बांधणाऱ्या कारखान्यांतला म्युनिकचा क्राउस-माफाय हा कारखाना पुढे जमशेदपूरच्या टेल्कोला वाफेची इंजिनं बांधण्यात तांत्रिक साहाय्य करत होता.

वर्ग ५२ ची अनेक इंजिनं आज युरोपातल्या संग्रहालयांत उभी आहेत. काही सुट्टीच्या दिवशी हौशी प्रवाशांच्या गाड्याही ओढतात. लहान मुलं शिटी ऐकून टाळ्या वाजवतात. त्यात गैर काही नाही. यंत्र बिचारं निरपराध असतं. पण त्या मुलांच्या आईबापांनी इंजिनाच्या पाटीवरचं साल वाचावं आणि घरी गेल्यावर त्या सालाबद्दल मुलांना चार शब्द सांगावेत, असं मला वाटतं.

माझ्या वर्गात हा धडा संपवताना मी मुलांना दोन प्रश्न लिहून घ्यायला सांगतो. यंत्र असो, योजना असो वा कार्यालयातला एखादा नियम, तो सोपा करायला बसलात की पहिला प्रश्न : यातून काय गाळलं तरी चालेल? आणि दुसरा : हे सगळं कुणासाठी चाललंय, आणि ते करताना माणूस तर गाळला जात नाही ना? पहिल्या प्रश्नाला परीक्षेत मार्क मिळतात. दुसऱ्याला मिळत नाहीत. तरी तो लिहून घ्यायचा.